नाहीतरी घरीच असतो

*बसले असे: खिडकीशी नाना. त्यांच्या एका हाताला दादा, दुसऱ्या हाताला ताई. समोर बायको. डॉक्टर उभा.*

डॉक्टर उभा होता कारण चहा त्याच्याकडे होता. कप ओट्यावर मांडून त्याने एकेकाला चमच्याने टिचकी दिली. टण. टण. टण. टण. पाचवा बद्द वाजला. डोळ्यांना दिसत नसली तरी त्याला कुठेतरी चीर गेलेली होती. तो कप त्याने स्वतःसाठी ठेवला. या घरात वाजवल्याशिवाय कपात कुणी चहा ओतत नसे. सुना आल्या की आधी हसत, मग वर्षभरात त्याही वाजवू लागत. ही खोड नानांची. उभी हयात त्यांनी रेल्वेच्या यार्डात गाड्यांची चाकं हातोड्याने वाजवून तपासली होती. निवृत्तीनंतर चाकं सुटली, कप सुटले नाहीत.

"नाना इथेच राहतील," ताई म्हणाली आणि तिने बिस्किट चहात बुडवलं. शाळेची मुख्याध्यापिका ती. ठराव मांडायचा आणि त्याच दमात तो मंजूर झाल्याचं जाहीर करायचं, ही तिची जुनी पद्धत. "कायमचे. चार महिने माझ्याकडे, चार महिने दादाकडे, ही बोचकी नाचवणं आता पुरे. नाहीतरी डॉक्टर घरीच असतो."

"नाहीतरी घरीच असतो," दादाने री ओढली.

बायकोने मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. सकाळी तीन शस्त्रक्रिया उरकून आलेल्या बाईची मान जशी हलते तशी.

नाना खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरने स्वतःचा कप उचलला, पुन्हा ठेवला. गेली तीन वर्षं हा शब्द घरात पायपुसण्यासारखा पडून होता आणि येणारा-जाणारा त्यावर पाय पुसून आत येत होता. नाहीतरी तू घरीच असतोस, गॅसवाला येईल तेवढा बघ. नाहीतरी तू घरीच असतोस, आमची चावी ठेव. इमारतीतल्या अर्ध्या बिऱ्हाडांच्या चाव्या दाराशेजारच्या खिळ्यांवर लटकत होत्या. चपलांच्या कपाटामागे लोकांची पार्सलं रचलेली होती. त्यातल्या एका खोक्यात कुणाचा तरी पंखा होता. तो कुणाचा, हे आता पंख्यालाही आठवत नसेल.

"मी घरी नसतो," तो म्हणाला.

"काय?"

"सोमवारपासून. मला नोकरी लागली."

ताईचं बिस्किट चहात पडलं.

*मध्येच: गेल्या महिन्यातला एक फोन*

— नमस्कार सर, एका पाहणीसाठी बोलतेय. सध्या काही काम करता?

— सध्या नाही.

— गेल्या महिन्यात काम शोधलंत? अर्ज, चौकशी, ओळखीत कुणाला विचारणं?

— नाही.

— शिक्षण?

— पीएच.डी. पुलांच्या थरथरण्यावर.

— बरं. मग तुम्ही बेरोजगार नाही, सर.

— नाही?

— बेरोजगार व्हायला काम शोधावं लागतं.

— मग मी कोण?

— आमच्याकडे तुम्ही मोजणीबाहेर येता. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासारखे खूप भेटतात. खूप शिकलेले, चाळिशी-पन्नाशीतले. आम्हाला आवाज ऐकायच्या आधीच कळतं.

— ते कसं?

— पहिल्या घंटीला फोन उचलतात.

*बसले असे: दादा उठून डॉक्टरच्या बाजूला. बाकी होते तिथेच.*

"अरे वा! शाब्बास रे पठ्ठ्या!" दादाने त्याच्या पाठीत असा धपका घातला की चहा बशीत आला. दादा पडदे विकायचा. मोठ्या हॉटेलांना, सभागृहांना, मैलभर पडदे. कुठलीही गोष्ट कशी लपवायची आणि तरी झोकात कशी दाखवायची, हे त्याला उपजत कळे. प्रयोगशाळा बंद पडली, त्यातल्या लोकांना दुसऱ्या खात्यात कनिष्ठ जागा देऊ केल्या, डॉक्टरने ताठ मानेने नकार दिला आणि तो घरी आला, तेव्हा 'तो कन्सल्टिंग करतो' हे वाक्य दादानेच शिवून आणून कुटुंबावर टांगलं होतं. सगळ्यांच्या मापाचं निघालं. "मला ठाऊक होतं! हिरा आहे हिरा. कुठे? बाहेर?"

"इथेच. पूल तपासतात ती कंपनी."

"संचालक?"

"नाही."

"मुख्य सल्लागार?"

"तपासनीस. पुलाखाली जाऊन काँक्रीट वाजवून बघायचं. हातोड्याने. आत पोकळ झालं असेल तर बद्द वाजतं. तिथे खडूने खूण करायची."

दादाचा हात पाठीवरून हळूच सुटला. खिडकीशी नानांनी मान वळवली. फक्त मान.

"पुलाखाली कसा जाणार तू?" ताईने विचारलं.

"क्रेनला पिंजरा असतो. त्याला पाळणा म्हणतात."

"या वयात पाळण्यात?" ताई हसली, पण एकटीच. "आणि तुझ्या वर कोण?"

इथे तो थोडा अडला. हे उत्तर त्याने आरशासमोर घोकलं होतं, पण आरशात ताई नव्हती.

"चिमणी."

चिमणी म्हणजे प्रयोगशाळेच्या दिवसांत तो कॉलेजात तास घ्यायचा तेव्हाची त्याची विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसून इतक्या बारीक आवाजात शंका विचारायची की सगळा वर्ग मागे वळून चिमणी शोधायचा. आता त्या कंपनीत तपासणीचा सगळा विभाग तिच्या हाताखाली होता.

"म्हणजे तू शिकवलेल्या पोरीला तू मॅडम म्हणणार?"

"ती मला सर म्हणते, मी तिला मॅडम म्हणतो. मुलाखतीत दोघांनाही हसू आलं."

"मला नाही येत," ताई म्हणाली.

*बसले असे: दादा पुन्हा नानांकडे. बायकोला ताईने बोलावून आपल्या शेजारी बसवलेलं. चौघं एका बाजूला. टेबलाची दुसरी बाजू मोकळी, तिथे डॉक्टर. आता बसलेला.*

बसल्यावर त्याला एक गंमत दिसली. तीन वर्षं ही चारही तोंडं एकच शब्द म्हणत होती. फोनवर, लग्नसमारंभात, दवाखान्याच्या बाकावर, कधी शब्दाने, कधी नुसत्या भुवईने. कधी? कधी लागणार, कधी शोधणार, कधी उठणार. आज त्याने तारीख सांगितली, तर चौघांकडे नवा शब्द तयार होता.

कशाला?

"कशाला पण?" दादा म्हणाला. "उपाशी आहेस का? कन्सल्टिंग चालू आहे ना!"

"दादा, कन्सल्टिंग नाही. कधीच नव्हतं. तू म्हणायचास, मी मान खाली घालायचो. एवढंच काम होतं."

"पुढच्या महिन्यात माझ्या नव्या दुकानाचं उद्घाटन आहे. बडे लोक येणार. तुझी ओळख मी काय करून देऊ? हा आमचा धाकटा, डॉक्टरेट, आणि हातोडा मारतो?"

"हातोडा आधी सांग. लोक नीट ऐकतील."

"याला चेष्टा सुचतेय!" दादाने ताईकडे दाद मागितली.

ताईने दादाला हाताने गप्प केलं. वर्ग हाताबाहेर जाऊ लागला की ती आवाज चढवत नसे, उतरवत असे. "हे बघ राजा. मी तुझ्या विरोधात नाही. माझ्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी होईल. वर्षभर थांब. शिक्षक तर शिक्षक, लोकांना सांगायला बरं. तोवर नाना आहेत, घर आहे. आणि ही..." तिने बायकोच्या दंडावर हात ठेवला. "हिच्याकडे विभागप्रमुखपद चालून आलंय. हिला पहाटे निघावं लागतं. घर कोण बघणार? तिचा विचार केलास?"

हा नेम बरोबर बसला. डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. घरात खरी डॉक्टर तीच. भूल देणारी. पण घरातलं डॉक्टर हे नाव आधीच वाटून झालं होतं म्हणून तिला कुणी डॉक्टर म्हणत नसे.

"मला विचारलं नाहीस," ती म्हणाली. एवढंच.

"सांगणार होतो."

"सांगणार होतास. विचारणार नव्हतास."

खरं होतं. गेले पंधरा दिवस तो अर्जाबद्दल बोललाच नव्हता, कारण बोललं की ते 'बघू' होईल आणि 'बघू' झालं की पुन्हा पंख्याच्या खोक्यामागे जाऊन पडेल, अशी त्याला भीती होती. पण ही भीती तिला सांगता आली असती. रोज रात्री तिच्यासाठी बटाटे सोलताना सांगता आली असती.

"चुकलं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. पण तू नको म्हणाली असतीस तरी गेलो असतो. भांडून गेलो असतो."

"बघा!" दादा म्हणाला. "अगं, तूच सांग त्याला. तू विभागप्रमुख आणि नवरा पुलाखाली लोंबकळतोय, हे दिसतं का बरं? त्यापेक्षा घरी बसलेला परवडला. घरी बसलेला दिसत तरी नाही."

दादाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला की त्याने काहीतरी फाडलं आहे.

*बसली अशी: बायको उठली, कप घेतला, टेबलाला वळसा घातला.*

ती डॉक्टरच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. अजून रागावलेलीच होती. खुर्ची तिने जरा लांबच ठेवली.

"भाऊजी, मी दिवसभर काय करते सांगू? माणसांना झोपवते. चांगली, शुद्धीतली, बोलणारी माणसं. आणि तेवढंच महत्त्वाचं काम म्हणजे त्यांना परत उठवते. त्याचेच पैसे मिळतात मला. नुसतं झोपवणं कुणालाही जमेल." तिने कपातला चहा फिरवला. "तीन वर्षं घरी आले की हा माणूस दार उघडतो, हसतो, ताट वाढतो. सगळं व्यवस्थित. नाडी चालू, श्वास चालू. आणि मला रोज वाटतं, याला परत कुणी उठवलंच नाही. मीही नाही. कारण मला सोयीचं होतं ते."

"तसं नाही गं," ताई म्हणाली.

"तसंच आहे. तुम्हालाही सोयीचं होतं. गेल्या आठवड्यात हा पहिल्यांदा माझ्याआधी उठला. मला वाटलं, पोटात दुखतंय." ती त्याच्याकडे वळली. "मुलाखतीला गेला होतास ना?"

"हो."

"काय विचारलं?"

"काँक्रीटचे ठोकळे ठेवले होते पाच. वाजवून सांगायचं, कुठला पोकळ."

"मग?"

"दोन चुकले."

दादा मोठ्याने हसला. "डॉक्टरेट! दोन चुकले!"

"चिमणी म्हणाली, सर, थरथर तुम्हाला आकड्यात कळते, कानात नाही. कान तयार व्हायला वेळ लागेल, आहे का तयारी? बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो. इतका आनंद झाला होता मला."

"चुकल्याचा?"

"काहीतरी येत नाही याचा. इथे घरात मला सगळं येतं, दादा. सगळं आलेलंच आहे. शिकून संपलेला माणूस म्हणून तुम्ही मला कपाटात ठेवलंय आणि मीही बसलोय. मला त्या ठोकळ्यांना पुन्हा कान लावायचाय. बाकी कुणाला मी मॅडम म्हणेन, कुणाला सर म्हणेन, काय फरक पडतो?"

बायकोने आपली खुर्ची किंचित जवळ ओढली. फरशीवर पायांचा करकर आवाज झाला, तेवढाच.

*खिडकीशी*

नाना आता पूर्ण वळले होते.

"हातोडा या घरात पुन्हा यायचा नाही," ते म्हणाले, "असं तुझ्या आईला मी कबूल केलं होतं. तू शाळेत पहिला आलास त्या दिवशी. तिने माझे हात धुतले होते आणि म्हणाली होती, याचे हात असे व्हायचे नाहीत."

डॉक्टर या घावाची सकाळपासून वाट बघत होता. ताई चुकवता येत होती, दादाला हसता येत होतं. नानांना तो कधीच उलटून बोलला नव्हता.

"नाना, माझे हात बघा." त्याने टेबलावर पालथे ठेवले. मऊ, स्वच्छ, नखं कापलेली. "आईच्या मनासारखे झाले. तीन वर्षं यांना काही झालं नाही. पण याहून वाईट हात मी बघितले नाहीत."

नानांनी हातांकडे पाहिलं नाही.

"मला पटलेलं नाही," ते म्हणाले.

"नका पटवून घेऊ. मी सोमवारी जाणार आहे."

"तुझ्या बापाला नाही पटलेलं, हे ध्यानात राहू दे."

"राहील. तरी जाणार आहे."

दादाला आशा वाटली. "नाना, तुम्ही त्याला स्पष्ट नाही म्हणा. म्हणजे तुमचंही इथलं..."

"माझं काय इथलं?"

"म्हणजे दिवसा तुमच्याजवळ कोण? गोळ्या कोण देणार? माझ्याकडे सध्या घराचं काम निघालंय, नाहीतर..."

"माझ्याकडे जिने आहेत," ताई घाईने म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मघापर्यंत एका बाजूचे दोघं आता दोन बाजूंचे झाले.

"तुझ्याकडे लिफ्ट आहे," दादा म्हणाला.

"लिफ्टपर्यंत जिने आहेत. चार खोल्यांचं काम एकाच वेळी काढतं का कुणी? एक खोली राहू दे म्हणावं बापासाठी."

"तू येत्या वर्षी निवृत्त होणार, तूच..."

"वर्ष व्हायचंय अजून!"

नानांनी चमचा उचलला आणि आपल्या कपावर आपटला. टण. दोघं लहानपणीसारखी गप्प झाली.

"मी पार्सल आहे का? याच्याकडे ठेव, त्याच्याकडे ठेव." त्यांनी चमचा खाली ठेवला. "दुपारची गोळी मला घेता येते. हा आणून देतो म्हणून मी बसून राहतो. याला वाटावं की काहीतरी काम आहे, म्हणून."

डॉक्टरने वर पाहिलं. तीन वर्षं, नाना इथे मुक्कामाला असले की रोज दुपारी, ग्लास आणि गोळी घेऊन तो नानांपुढे उभा राहायचा, नाना कुरकुर करत घ्यायचे आणि त्याला वाटायचं, आपण निदान नानांना सांभाळतोय.

"मी इथेच राहणार," नाना म्हणाले. "दुपारी ताई शाळेतून घरी जाताना डोकावेल. रविवारी दादा येईल, पडदे न विकता दोन तास बसेल. झालं." ठराव मांडायची पद्धत ताईने कुठून उचलली ते सगळ्यांना दिसलं. "आणि मला पटलेलं नाही."

निघताना दादाने दारात त्याचा खांदा धरला. "उद्घाटनाला ये मात्र. मी काहीतरी सांगेन लोकांना."

"मीच सांगेन. तू पडदा ओढ नुसता."

*चाव्या*

रविवारी संध्याकाळी डॉक्टर चाव्या परत करत फिरला. वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी चावी घेतली आणि विचारलं, "रागावलात का हो आमच्यावर?" समोरच्या विमावाल्याने विचारलं, "घर सोडताय?" प्रत्येक दारात तो एकच वाक्य म्हणत होता. पहिल्या दारात, शिवणकामवाल्या बाईंसमोर, ते तोंडातल्या तोंडात राहिलं, तिसऱ्या दारात सरळ आलं, खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला ते म्हणायची जवळजवळ घाई झाली होती. "उद्यापासून मी कामाला जातोय." पंख्याचा मालकही सापडला. त्याने दरम्यान दुसरा पंखा घेतला होता.

वर आला तेव्हा नाना स्वयंपाकघरात होते. बद्द वाजणारा कप त्यांनी ओट्यावर शोधून काढला होता.

"सिमेंटमध्ये कळतं?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"कळतं म्हणतात. मला अजून नीट नाही."

"मनगटाने मारत असशील." त्यांनी कप केराच्या डब्यात टाकला. "सैल धरायचा. घट्ट धरला की आपलाच हात ऐकू येतो."

आणि नाना झोपायला गेले.

*सोमवार*

बायको पहाटेच गेली होती. जाताना त्याच्या उशाशी उभी राहून तिने नाडी बघतात तसं मनगट धरलं होतं. "जागा आहेस?" "जागा आहे." "बरं." रविवारभर दोघं भांडली होती, अर्धं भांडण आजसाठी शिल्लक होतं, आणि दोघांनाही ते संपवायचं होतं.

नवे बूट जाड होते. घरात लेस बांधताना नाना बघतील म्हणून तो ते हातात घेऊनच बाहेर पडला आणि खालच्या वळणावर पायरीवर बसून बांधू लागला. तेवढ्यात वर घंटी वाजली. त्याच्याच दारावरची.

त्याचं अंग सवयीने उठलं. एक पायरी चढलाही. मग थांबला. गुडघ्यांमुळे नाना दार उघडायला कधी उठत नसत. पुन्हा घंटी वाजली. मग काठी. मग कडी.

"डॉक्टर आहेत का?" शिवणकामवाल्या बाई. "दुपारी पार्सल यायचंय एक. कालच चावी परत दिली त्यांनी, पण म्हटलं, पार्सलाचं काय, नाहीतरी घरीच असतात."

डॉक्टरने लेसची दोन टोकं बोटांत तशीच धरून ठेवली.

"असायचे," नाना म्हणाले.

"म्हणजे? आता कुठे?"

"कामाला गेला."

"ते कन्सल्टिंग का?"

"कसलं कन्सल्टिंग! हातोडा मारतो. पुलाखाली."

हे नाना इतक्या मोठ्याने म्हणाले की वरच्या, खालच्या, सगळ्या दारांना ऐकू जावं. कानाने कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात, ही गोष्ट खरी. पण नानांना केसाएवढी चीर ऐकू येत असे.

डॉक्टरने गाठ मारली, सैल झाली म्हणून सोडली, पुन्हा मारली आणि जिना उतरू लागला.